नागनाथअप्पांची डावी मांडी

नागनाथअप्पा पिकअप चालवायचे तेव्हा त्यांची डावी मांडी घातलेली असायची. उजवा पाय खाली, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या चाकरीत. डावा पाय वर, सीटवर, धोतराच्या घोळात, पंगतीला बसल्यासारखा. आमच्या गल्लीत नवा माणूस राहायला आला की चार-आठ दिवसांत हे त्याच्या नजरेला पडायचं आणि मग तो कुणाला तरी विचारायचा. मीही विचारलं होतं, थेट त्यांनाच.

“डाव्या पायाला ह्या गाडीत कामच न्हाई,” अप्पा म्हणाले. “क्लच न्हाई, काय न्हाई. मग उगं खाली लोंबकळत कामून ठेवायचा? बिनकामाचा हाय, बसू द्या की निवांत.”

मी सरकारी कचेरीत कारकून असल्यामुळे शेवटचं वाक्य जरा लागलं, पण मी तसं दाखवलं नाही.

गाडीला क्लच नव्हता हे खरं. ती आपले गिअर आपणच बदलणारी गाडी होती. भूकंपानंतर मदतीला परदेशातून जी माणसं आली, त्यांतल्या कुणीतरी ती आणली आणि परत जाताना तंबू, पाण्याच्या टाक्या आणि बिस्किटांची रिकामी खोकी यांच्याबरोबर ती इथंच ठेवून दिली. पुढं ती दोन-तीन हातांतून फिरत लिलावात आली आणि अप्पांनी घेतली. दारावर परदेशी अक्षरं होती. अप्पांनी त्यांच्यावर रंग मारून नंदी काढून घेतला, पण उन्हानं रंग उडाला की ती अक्षरं नंदीच्या पोटातून पुन्हा वर यायची.

अप्पा मूळचे किल्लारीच्या बाजूचे. तिथं त्यांचं काष्ठौषधींचं पिढीजात दुकान होतं. हिरडा, बेहडा, सुंठीच्या पुड्या बांधता बांधता वडिलांनी नाडी बघायलाही शिकवलं, असं ते सांगायचे. भूकंपात घर गेलं, दुकान गेलं, आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे महानंदावहिनींचा, डावा पाय गुडघ्याखाली गेला. अप्पा आदल्या दिवशी माल आणायला उदगीरला गेले आणि तिथंच मुक्कामाला राहिले, म्हणून त्यांना खरचटलंसुद्धा नाही. बाकी कुठलीही गोष्ट ते मीठमसाला लावून सांगायचे. ही मात्र एका वाक्यात उरकायचे आणि लगेच ‘चहा घेता का’ म्हणायचे.

मग दोघं लातूरला आले. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. किनवटपासून देवणीपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती आणि आईबाप त्यांना डॉक्टर-इंजिनिअर करायचं ठरवून गावी परत जात होते. डॉक्टर व्हायच्या आधी पोरांना दोन वेळा जेवावं लागतं, हे वहिनींनी बरोबर हेरलं आणि मेस काढली. जयपूरचा कृत्रिम पाय लावून त्या गॅसपुढं उंच स्टुलावर बसायच्या आणि तिथूनच सगळ्या घराला धाकात ठेवायच्या. डबे पोचवायचं काम अप्पांचं. तेवढ्यासाठी पिकअप.

डबे पोचवायला एवढं धूड कशाला, सायकल किंवा लुना पुरली असती, असं गल्लीतल्या प्रत्येकाचं मत होतं. अप्पा म्हणायचे, “पाहुण्याची वस्तू हाय. मान ठेवावा लागतो.”

आता गाडीच्या दुखण्याकडं येतो, कारण अप्पांचं सगळं चरित्र त्याच्यातच आहे.

गाडी पुढच्या गिअरात टाकली की ती लगेच निघत नसे. जरा वेळ विचार करी, आणि मग एकदम गचका देऊन निघे. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकांपर्यंत त्याची काही खबर पोचायची नाही. उन्हातान्हात चौकात ती मध्येच सैल पडे, आणि अप्पा मांडी घातलेल्या अवस्थेत तिला समजावत बसत. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत. मागच्या हौद्यातले डबे एकमेकांवर आदळून आमटी भातात आणि भात भाजीत जाई. पोरांनी त्या जेवणाला ‘मिक्स बॅच’ असं नाव ठेवलं होतं.

अप्पांचं निदान असं, की गचका बसतो तो वात, गरम होऊन करपट वास येतो ते पित्त, आणि ताकद असून चाकापर्यंत पोचत नाही तो कफ. गाडीला तिन्ही आहेत, म्हणजे त्रिदोष. सावकाश घ्यावं लागेल. एकदा जुलाब द्यायचा म्हणून ते एरंडेलाची बाटली घेऊन बॉनेटपाशी गेले होते. वहिनींनी आतून नुसतं “अवो” म्हटलं आणि ती बाटली परत फडताळात गेली.

रोज सकाळी नाडीपरीक्षा असे. अप्पा आंघोळ करून, विभूती लावून, अनवाणी गाडीपाशी यायचे. गाडी फिरवून आणलेली असायची, गरम. ते इंजिन बंद करायचे, दोन्ही हात वर करून गल्लीला गप्प करायचे आणि बॉनेट उघडायचे. गिअरच्या तेलाची पट्टी हळूच ओढून बाहेर काढायचे. ते तेल लाल असायचं, नांदेडहून यायचं, आणि अप्पा त्याला रक्त म्हणायचे. पट्टी नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, बोटांत तेल चोळायचं. तेवढ्यात कुणी बोललं, शिंकलं, बादली आपटली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

“रोगी गप असल्याबिगर नाडी लागत न्हाई,” हे त्यांचं पालुपद. “बापाचं शिक्षण हाय माझ्या.”

मी समोरच राहायचो, आणि कचेरीत जायच्या वेळेला त्यांची नाडी चालू असायची. कैक वेळा मी सायकल हातात धरून, घंटी न वाजवता, मेलेल्याच्या घरासमोरून जावं तसा गल्लीतून गेलो आहे. पट्टीवर तेल नेहमी पुरेपूर दिसे. अप्पा ती मला लांबून दाखवत आणि म्हणत, “रक्त भरपूर हाय. दोष दुसरीकडंच हाय.”

दोष कुठं आहे हे शोधायला मुनीरमिस्त्री यायचा. त्याचं गॅरेज गंजगोलाईच्या मागं. जीप आणि ट्रॅक्टर यांच्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण ह्या गाडीनं त्याला जेरीस आणलं होतं. पहिल्यांदा आला तेव्हा तो तिच्याखाली पडून बराच वेळ क्लच शोधत होता आणि शेवटी बाहेर येऊन म्हणाला, “अप्पा, जो हैच नै, वो कैसा बिघडेगा?” तेव्हापासून त्याचं एकच मत होतं. हा गिअरचा डबा काढून फेकायचा आणि जीपचा साधा गिअरबॉक्स बसवायचा. क्लच येईल, गिअर हातानं पडतील, माणसासारखी गाडी होईल. तसा एक गिअरबॉक्स त्यानं भंगारातून आणून धुऊनपुसून ठेवलासुद्धा होता.

अप्पा ऐकायचे नाहीत. साध्या सौम्य माणसाला एका विषयावर एवढा हट्ट कुठून येतो याचं मला नवल वाटायचं. ते म्हणायचे, “काळीज काढून दुसऱ्याचं बसवायचं न्हाई. दुरुस्त होत आसंल तर सांग, न्हाईतर चहा पी.”

आणखीही काही गोष्टी होत्या. गिअरच्या दांड्याजवळची इंग्रजी अक्षरं त्यांनी पेंटरकडून पुसून घेतली होती आणि तिथं सुबक मराठीत लिहून घेतलं होतं: उभी, मागं, मोकळी, चल. अप्पांना इंग्रजी अक्षरं चांगली वाचता यायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मुनीरच्या सोयीसाठी. मुनीरला उर्दूशिवाय काही वाचता येत नव्हतं.

एकदा तर डावा पाय त्यांनी उपरण्यानं चक्क सीटला बांधलेला मी बघितला. आडवं कुत्रं आलं की तो पाय आपोआप खाली यायचा, नसलेला क्लच दाबायला. “वळण लावायलोय त्याला,” अप्पा म्हणाले. पहाटे ते एकटेच रिंगरोडला जाऊन मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी करायचे, चालवायचे, मागं घ्यायचे, पुन्हा उभी करायचे. दूधवाल्यांना वाटे की अप्पांच्या डोक्यावर भूकंपाचा परिणाम झाला आहे, आणि ते त्यांना जरा लांबूनच ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार घालत.

मला खटकायची ती एक गोष्ट वेगळीच. अप्पा वहिनींना गाडीत कधी बसवत नसत. बाजार, दवाखाना, सिद्धेश्वराची जत्रा, काहीही असो, वहिनींना रिक्षा. दारात स्वतःची गाडी उभी आणि बाईमाणूस पाय सावरत रिक्षात चढतंय, हे बघायला बरं वाटत नसे. वहिनी बोलूनही दाखवायच्या. त्यांचं माहेर देवणीचं, बापाची बैलं साऱ्या तालुक्यात नावाजलेली, आणि लग्नाआधी त्या बैलगाडीत मागं बसून कधी शेतात गेल्या नाहीत. कासरा त्यांच्याच हातात असायचा.

“दवाखान्यातून आले तवा मी ह्यांना म्हणलं,” त्या एकदा मला चहा देताना म्हणाल्या, “आता कुणी न्हेईल तिथंच मी जाणार. तवापासून हे मला कुठं न्यायलाच तयार न्हाईत.”

अप्पा हातातल्या सुतळीशी खेळत म्हणाले, “गाडी आजारी हाय.”

“गाडी आजारी, मी आजारी. तुमीच तेवढे ठणठणीत,” वहिनी म्हणाल्या. अप्पांनी विषय चहाकडं वळवला.

पुढं गाडी फारच बिघडली. डबे रोज उशिरा जायला लागले. क्लासची पोरं घड्याळाला बांधलेली. दुपारच्या तासाआधी जेवण आलं नाही तर उपाशी बसायची. दोन वसतिगृहांनी दुसऱ्या मेसचे डबे लावले, तिसरं त्याच वाटेवर होतं. मेस बुडाली असती तर दोघांना दुसरा आधार नव्हता. शेवटी वहिनींनीच निर्णय दिला. मुनीरला बोलवा आणि जीपचा गिअरबॉक्स बसवा. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. अप्पा रागावले की बोलायचे नाहीत एवढंच मला माहीत होतं. जेवणावरून उठलेले मी पहिल्यांदाच बघितले. गाडीच्या एका डब्यासाठी माणूस एवढं करतो, हे माझ्या आकलनापलीकडचं होतं आणि मी ते तसंच सोडून दिलं.

ठरल्या दिवशी मुनीर गाडी न्यायला आला, तर बॅटरी बसलेली. मग आमच्या गल्लीनं जन्मभर जे केलं तेच केलं, सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. अंगातला सदरा काढून मीही ढकलली. या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला. मुनीर आत बसून ओरडत होता, “और जोर से.” अप्पा पायरीवर बसून शांतपणे बघत होते. आम्ही घामाघूम होऊन रस्त्यात बसलो तेव्हा ते म्हणाले, “ही गाडी ढकलून चालू होत न्हाई. क्लच न्हाई ना तिला.” आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “जेवढा वेळ इथं ऱ्हाईल तेवढा ऱ्हाईल.”

मग मुनीरनं कुठून तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणली, तारा जोडल्या, आणि गाडी धडधडत सुरू झाली. ती चांगली गरम होईपर्यंत त्यानं तारा सोडल्या, हत्यारं गोळा केली आणि बजावलं, आता कुणी बंद करायची नाही.

अप्पा उठले. म्हणाले, “एकदा नाडी बघतो. शेवटची.”

मुनीर म्हणाला, बघा. अप्पा म्हणाले, इंजिन बंद कर. मुनीर म्हणाला, बंद केली की पुन्हा हेच सगळं. अप्पा म्हणाले, रोगी गप असल्याबिगर नाडी लागत नाही. मुनीरनं माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं बघितलं. वाद तसाच चालू राहिला असता, पण वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचा आवाज इंजिनाच्या वर आला.

“अवो, डॉक्टर माझी नाडी बघतो तवा मी काय जीव सोडून बसते का? चालू हाय तवरच बघत्यात नाडी.”

गल्ली हसली. अप्पा हसले नाहीत. ते बॉनेटपाशी गेले, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला आणि धडधडत्या गाडीची पट्टी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओढली.

पट्टी कोरडी होती. टोकाला नावापुरता लाल थेंब. अप्पांनी ती धोतराला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. कोरडी. त्यांनी ती मुनीरपुढं धरली, मग माझ्यापुढं धरली. जसं काही मला त्यातलं कळत होतं. पुढं मुनीरनं मला सांगितलं की असल्या गाडीत इंजिन बंद केलं की वरचं तेल उतरून खाली गोळा होतं आणि पट्टीवर भरपूर दिसतं. खरं माप चालू गाडीचं. बारक्या नळीतून थोडं थोडं तेल गळत होतं, आणि एवढी वर्षं अप्पा गाडीला शांत झोपवून तिचं रक्त मोजत होते. साऱ्या गल्लीला दम कोंडून उभं करून त्यांनी स्वतःच रोग लपवला होता.

घरात नांदेडच्या लाल तेलाचे डबे होतेच. मुनीरनं नळी आवळली, नरसाळं लावलं आणि चालू गाडीतच तेल ओतत गेला. अप्पा शेजारी उभे राहून ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी आत बसून दांडा ‘चल’वर ओढला. गाडी निघाली. विचार न करता निघाली. गल्लीच्या टोकाला जाऊन मागं आली, पुन्हा गेली. वळताना एक हलका गचका दिला तेवढाच. जीपचा गिअरबॉक्स मुनीरच्या गॅरेजात तसाच पडून राहिला.

मला वाटलं आता अप्पा पेढे वाटतील. ते खाली उतरले आणि म्हणाले, “अजून जराशिक गचका हाय. तेवढा जाऊ द्या.”

“कशासाठी जाऊ द्या?” वहिनी म्हणाल्या. त्या पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या होत्या.

“तुला बसायचं हाय म्हणून,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “एकदा जमिनीनं दगा दिला तुला, अन् मी तिथं नव्हतो. आता मी देतो ती वस्तू तरी दगा देणारी नसावी. पुरी बरी होऊ दे.”

 वहिनींना त्या वेळी ते सगळं नवीन होतं की आधीपासून माहीत होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

“मी तरी कुठं पुरी हाय?” त्या म्हणाल्या. “सरका.”

आणि त्या चालकाच्या बाजूनं चढल्या. हातांनी सीट धरून, जयपूरचा पाय उचलून आत घेऊन. तो पाय त्यांनी डावीकडं ठेवून दिला, जिथं काही नव्हतं, जिथं त्याला काही काम नव्हतं. उजवा पाय ब्रेकवर. मग दांड्याजवळची अक्षरं त्यांनी मोठ्यानं वाचली. “उभी. मागं. मोकळी. चल.” वहिनींना मराठी चौथीपर्यंतचं येत होतं.

मी तिथं सदरा हातात घेऊन उभा होतो. ती मांडी, ते उपरणं, ती रिंगरोडवरची पहाट. एका पायानं गाडी आवरते का, ब्रेक लागतो का, तोल राहतो का, हे सगळं अप्पा स्वतःच्या अंगावर बघत होते, वर्षानुवर्षं, साऱ्या लातूरकडून हसं करून घेत. मी सदरा घालायला लागलो.

डब्यांची वेळ झाली होती. हौद्यात डबे भरले, ते धरायला कुणीतरी पाहिजे म्हणून मीही चढलो. कचेरीला दांडी पडणार हे दिसतच होतं. वहिनींनी गाडी गल्लीतून काढली ती बैलगाडीसारखी, सावकाश आणि दोन्ही बाजूंना दरारा ठेवून. रिंगरोडला लागेपर्यंत अप्पांनी त्यांना तीन-चारदा सूचना केल्या. मागच्या खिडकीतून मला वहिनींचा आवाज आला.

“तुमी जरा गप बसा. मला गाडी ऐकू द्या.”

 चौक आला. उजवीकडं क्लासची गल्ली, समोर औशाचा रस्ता, तोच पुढं त्यांच्या जुन्या गावाकडं जातो. वहिनींनी गाडी थांबवली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

“कुठं न्यायची?” त्यांनी विचारलं.

“तुला जायचं तिथं,” अप्पा म्हणाले.

गाडी सरळ औशाच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी पोरं उपाशी राहिली आणि डब्यांतली आमटी भातात गेली ती गेलीच. वारा जोरात होता, मी एका हातानं डबे आणि एका हातानं टोपी धरली होती. मागच्या खिडकीतून आत डोकावलो तर अप्पा पुढं दोन्ही पाय खाली सोडून बसले होते.